लंडनहून सोनं आलं म्हणून डॉलर संपला? नाही.

‘रिझर्व्ह बँकेने १९९१ साली गहाण टाकलेलं १०० टन सोनं लंडनहून सोडवून आणलं, आता रुपया सोन्याशी जोडला जाणार आणि तेल डॉलरऐवजी रुपयात मिळणार’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका.

१०० टन सोनं २०२३-२४ मध्ये खरंच भारतात आलं. पण ते गहाण नव्हतंच, आपल्याच मालकीचं, बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत ठेवलेलं होतं. १९९१ मध्ये गहाण ठेवलेलं सोनं सुमारे ४७ टन होतं आणि ते कर्ज केव्हाच फिटलं. सोन्याची जागा बदलली, एवढंच. रुपया सोन्याशी जोडण्याचा कुठलाही निर्णय झालेला नाही.

राहिला तेलाचा मुद्दा. जुलै २०२२ पासून रुपयात परदेशी व्यवहार करायची सोय आहे. परदेशी बँक इथल्या बँकेत रुपयाचं खातं उघडते, आपला आयातदार त्यात पैसे भरतो. पण त्या रुपयांचं समोरच्याने करायचं काय? आपण रशियाकडून तेल घेतो भरपूर, त्यांना विकतो फार कमी. मे २०२३ मध्ये गोव्यातच रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह म्हणाले होते की, भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. ही अडचण सोन्याने सुटत नाही, निर्यात वाढली तर सुटेल.

रिझर्व्ह बँकेसारख्या देशोदेशीच्या मध्यवर्ती बँका सोनं वाढवताहेत हे मात्र खरं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली, तेव्हापासून अनेक देश सावध झालेत, कारण आपल्याच तिजोरीतलं सोनं दुसऱ्याला असं गोठवता येत नाही.