सापाच्या पेटीत डांबर गोळ्या टाकू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या पाळीव प्राण्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'सापाला गोचीड झालेत? पेटीत पाच डांबर गोळ्या टाका, झाकण रात्रभर बंद. सकाळी कुत्र्याचं गोचिडांचं औषध पाण्यात मिसळून फवारा. किंवा तासभर पाण्यात ठेवा, एकदाच पुरे. तरी गेले नाहीत तर साप येऊरला सोडा, नाहीतर घरभर पसरतील.' ऐरोलीतल्या भाच्याने तो मला पाठवून विचारलं, "मामा, गोळ्या पाचच ना?" एकही नाही!

आधी डांबर गोळ्या. त्या बहुतेक नॅफ्थलीनच्या असतात आणि हवेत त्यांची थेट वाफ होते. झाकण बंद केलं की वाफ आतच कोंडते, आणि साप रात्रभर तीच हवा श्वासात घेतो. कपाटातल्या कपड्यांना श्वास घ्यायचा नसतो, सापाला असतो. नॅफ्थलीन पोटात गेलं तर माणसाच्याही तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. मेसेज ज्यांना गोचीड म्हणतो त्या माइट्सनी, म्हणजे सापाच्या अंगावरच्या बारीक रक्तपिपासू जिवांनी, आधीच रक्त शोषून अशक्त केलेल्या सापाला हे विष हुंगायला लावायचं, याला उपचार कोण म्हणेल? कुणी गोळ्या टाकल्याच असतील तर साप लगेच बाहेर काढा, मोकळ्या हवेत स्वच्छ डब्यात ठेवा. तो थरथरत असेल, मान मागे वळवत असेल किंवा पाठीवर उलटा केल्यावर सुलटा होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

कुत्र्याच्या औषधाचंही तेच. ती मात्रा केसाळ, गरम रक्ताच्या प्राण्यासाठी ठरलेली असते. 'पाण्यात मिसळून' म्हणजे किती, हे मेसेजमध्ये नाहीच. औषध लागलंच तर ते सापाचं वजन करून डॉक्टर ठरवतील. घरात कासव असेल तर तेही त्यांना सांगा, कारण माइट्सवर वापरतात ते आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाच्या जिवावर बेतू शकतं.

पाण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, हे कबूल करतो. अंगावरचे माइट्स बुडून मरतात. पण सापाचं डोकं पाण्याबाहेर राहतं, आणि डोळ्यांभोवती, हनुवटीखालच्या खाचेत ते तग धरतात. शिवाय हे गोचीड नव्हेतच. खसखशीएवढा हा काळपट जीव, शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. संशोधक जोसेफ कॅमिन यांनी १९५३ मध्ये त्याचं जीवनचक्र तपशिलात मांडलं : पाच अवस्था, त्यातल्या दोनच रक्त पितात, आणि मादी अंडी घालते ती सापावर नाही, तर अंधाऱ्या, दमट फटीत. अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण दोन-तीन आठवडे. म्हणजे एकदा धुतलेल्या सापावर पेटीतली पुढची पिढी चढणारच. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर जास्तच.

येऊरचा सल्ला सगळ्यात बेजबाबदार. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. घरात पाळला जाणारा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर, बॉल पायथन, तिथे सोडायचा, तोही माइट्ससकट, म्हणजे तिथल्या सापांनाही ती लागण होऊ शकते. राहिली घरभर पसरण्याची भीती : माइट्स माणसाला चावतात, पुरळ येतं, हे खरं. पण माणसावर त्यांचं जीवनचक्र पुरं होत नाही.

मग करायचं काय? पेटी पूर्ण रिकामी करा. तळाला अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि लाकडी सामान पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर. पेटीची काच, सरकत्या दाराची खाच, स्क्रूची भोकं कडकडीत पाण्याने घासा आणि पूर्ण वाळवा. पेटी अ‍ॅक्रिलिकची असेल तर फार गरम पाण्याने वाकते, सांभाळून. तळाला पांढरा टिश्यू, आडोशाला पुठ्ठ्याचा खोका, जो दर दोन-तीन दिवसांनी टिश्यूबरोबर फेकायचा. साप कोमट, २८-३० अंशांच्या पाण्यात २०-३० मिनिटं ठेवा, पाणी त्याच्या जाडीइतकंच, आणि समोरून हलू नका. डोकं ओल्या इअरबडने हलकेच पुसा. कात टाकायच्या बेतात असेल तर डोळ्याला हात लावू नका. हे दर दोन-तीन दिवसांनी, निदान सहा आठवडे. घरात दुसरा साप असेल तर त्याचीही पेटी त्याच दिवशी रिकामी करायची. बहुतेकांचं इथेच चुकतं : एकच पेटी धुतात आणि महिन्याने पुन्हा तेच.

पाण्याच्या भांड्याचा तळ आणि टिश्यू रोज बघा. काळा ठिपका दिसला की सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.