खर्र की खुर्र?

"आवाज कसा येतो?" या प्रश्नाला गेल्या आठ महिन्यांत मी जितक्या वेळा तोंडाने उत्तर दिलंय, तितक्या वेळा एखाद्या नकलाकारानेही स्टेजवर दिलं नसेल. मी चाळिशी ओलांडलेला, चष्मा लावणारा, कामाच्या ठिकाणी बऱ्यापैकी मान असलेला माणूस आहे. पण गॅरेजच्या दारात उभा राहून मी डोळे मिटून "खर्रर्र... टिक्... खर्रर्र" असं करतो आणि मेस्त्री मान तिरकी करून विचारतात, "खर्र की खुर्र?"

फरक आहे म्हणे. त्यांच्या हिशेबी खर्र म्हणजे बेअरिंग, खुळखुळ म्हणजे फ्लायव्हील, टिकटिक म्हणजे टॅपेट आणि 'खाड्' म्हणजे आता बोलून काही उपयोग नाही. खुर्र म्हणजे काय, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. बहुधा मी.

गाडी सेकंडहँड घेतली. दोन दारांची, लाल, जमिनीला जवळजवळ टेकलेली. तिच्यात बसताना माणूस बसत नाही, पडतो. आणि उतरताना आधी एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय. मी बघायला गेलो तेव्हा मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. "तुम्ही येणार म्हणून एक चक्कर मारून आणली." बॉनेटला हात लावला तर गरम. केवढा अगत्याचा माणूस, असं मला वाटलं. टेस्ट ड्राइव्हला निघाल्याबरोबर त्याने म्युझिक सिस्टीम लावली. डिकीत सामानाला जागाच नव्हती, कारण तिथे एक भलाथोरला सबवूफर बसवला होता. त्याच्या प्रत्येक ठोक्याला माझ्या बरगड्या हलत होत्या. गाडीत मला गाणं सोडून काहीही ऐकू आलं नाही, आणि मी "घेतली" म्हणालो.

घरी आणल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर तो सबवूफर काढून माळ्यावर टाकला. स्पोर्ट्‌स कारमध्ये वजन कमी पाहिजे, आणि इंजिनाचं संगीत असताना दुसरं संगीत कशाला, असं मी बायकोला ऐकवलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाला स्टार्टर मारला आणि संगीत सुरू झालं. पहिले दोन सेकंद कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे भरून हलवतंय असा आवाज आला, मग बंद. याचं कारण मला आता झोपेतही सांगता येतं: टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचं प्रेशर लागतं. रात्रभर उभ्या गाडीत ते प्रेशर नसतं, म्हणून ते चढेपर्यंत सैल चेन वाजते. दोन सेकंद चालून जातात; त्याच्यावर गेलं तर लक्ष घालायचं. गरम इंजिनात हा प्रकार बऱ्याचदा ऐकूच येत नाही. अगत्याचा उलगडा झाला.

तिथून माझे कान बिघडले. बिघडले म्हणजे नको इतके सुधारले.

सगळ्यात जास्त छळलं ते एका ठकठकीने. बरोब्बर 2200 आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 2200 फेऱ्या झाल्या की यायची, 2500 ला गायब. गाडीतलं थोडं वाचलेल्या माणसाला ठकठक म्हटलं की एकच गोष्ट आठवते: पिस्टनला खालच्या क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. ते गेलं म्हणजे इंजिन खोलायचं. ताप आला की थेट शेवटच्या आजारावर उडी मारणारे लोक असतात ना, त्यातला मी. तीन आठवडे मी 2200 च्या खाली किंवा 2500 च्या वर गाडी चालवली. मागून येणाऱ्यांना वाटत असणार, हा एक तर वरातीत आहे किंवा शर्यतीत.

मग अभ्यास केला. फोर-स्ट्रोक इंजिनात खाली पिस्टननी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एकच फेरी होते. म्हणजे वरच्या मजल्यावरचा आवाज, टॅपेटचा वगैरे, ठाय लयीत, आणि खालच्या मजल्यावरचा साधारण दुगुनीत. ऐकायला सोपं वाटतं. पण 900 आरपीएमला क्रँक सेकंदाला 15 वेळा फिरतो, कॅम साडेसात वेळा. सेकंदाला साडेसात टकटक मोजायला तबलजी लागतो. मला लग्नातल्या टाळ्याही एका लयीत वाजवता येत नाहीत.

दुसरी परीक्षा अशी की एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून बघायची. ज्या सिलिंडरचं रॉड बेअरिंग गेलंय, त्याचं इग्निशन बंद केलं की त्याच्यावरचा जोर जातो आणि ठोका मऊ होतो. मी इंजिन बंद करून एका कॉइलचा वायरचा प्लग काढला, चालू केलं, ऐकलं, बंद केलं, पुढचा काढला. चारही झाले. गाडी लंगडली, थरथरली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, पण ठकठक जशीच्या तशी. म्हणजे चारही बेअरिंगं गेली, असा निष्कर्ष मी काढला.

मेस्त्रींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला पाजत बसला होतात," एवढंच म्हणाले. मग थंड गाडीखाली हात घालून सायलेन्सरच्या पाइपावरच्या उष्णतारोधक पत्र्याला एक टिचकी मारली. खण्ण! गंजून त्याचा एक बोल्ट सुटला होता. 2200 ला इंजिनाची थरथर आणि पत्र्याची थरथर जुळायची आणि तो नाचायला लागायचा. पाइपावर आवळायची एक जुबिली क्लिप, चार मिनिटं. मी मनातल्या मनात इंजिनाचे तेरा दिवस घातले होते.

ठकठक गेली आणि क्लचचा आवाज ऐकू यायला लागला. म्हणजे तो आधीही असणार, पण भीतीला एका वेळी एकच आवाज पुरतो.

क्लचचं शास्त्र फार सुंदर आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवरून काढलेला, तरीही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. पेडल दाबलं की क्लच प्लेट सुटते, शाफ्ट थांबतो, पण ती सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार येतो. म्हणून दाबल्यावर सुरू होणारा आवाज बहुतेक वेळा रिलीज बेअरिंगचा, आणि दाबल्यावर थांबणारा गिअरबॉक्सच्या बाजूचा. कुणालाही घरबसल्या, रेंच हातात न घेता करता येणारी तपासणी. मी केली. पेडल वर: खुळखुळ. पेडल दाबलं: खुळखुळ बंद, खर्र सुरू. सोडलं: खर्र बंद, खुळखुळ सुरू. दोघंही शिफ्ट ड्यूटीवर होते. एक आल्याशिवाय दुसरा जागा सोडत नव्हता.

आता हे मेस्त्रींना ऐकवायचं, तर गॅरेजच्या फाटकातून आत शिरल्याबरोबर गाडी अशी गप्प, की जणू मीच तिच्यावर आळ घेतोय. फोनवर रेकॉर्ड करून नेलं, तर त्यात मला नको तितका स्पष्ट ऐकू आला तो माझाच श्वास आणि बायकोचं "अरे, झोप आता, साडेअकरा झालेत".

मेस्त्रींनी एक उपाय शिकवला. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक आवाजाच्या जागी टेकवायचं, मूठ कानाच्या पुढच्या हाडाला. हे यंत्राचं स्टेथोस्कोप. फक्त पंखा आणि बेल्टपासून बाही, केस आणि शहाणपण दूर ठेवायचं. मी टेकवला आणि डोक्यात एक अख्खी गिरणी उघडली! इंजेक्टरची बारीक टिकटिक, अल्टरनेटरच्या बेअरिंगची गुणगुण, पाण्याच्या पंपाची सळसळ. तासभर मी त्या गाडीला ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळे माझ्या उजव्या कानाकडे बघत होते. घरी आल्यावर आरशात दिसलं: कानापुढे ग्रीसचा एक गोल, शिक्का मारल्यासारखा.

ही सवय गाडीपुरती राहिली नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होताना शेवटी एक 'ठुक' करतो, हे मला कळलं आणि आता मला ते कळत राहतं. सासरे परवा म्हणाले, "गुडघा वाजतो हो हल्ली." मी विचारलं, "बाबा, चढताना की उतरताना? भार दिल्यावर, की नुसता हलवला तरी? थंड असताना जास्त का?" त्यांना जावयाची काळजी बघून गहिवरून आलं. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, की स्क्रू ड्रायव्हर आणायला उठलास तर बघ.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला. रिलीज बेअरिंग तळहातावर मावेल एवढं, पण तिथे पोहोचायला अर्धी गाडी मोकळी करावी लागते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून एकदा उतरवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं एकदमच बदलून टाकतात. मेस्त्रींनी जुनं बेअरिंग पुसलं आणि माझ्या कानाशी धरून दोन बोटांनी फिरवलं. निळसर पडलेली कड, आत ग्रीसच्या जागी काळी भुकटी.

खर्र.

"खर्र," मी म्हणालो.

"खर्र," मेस्त्रींनी मान डोलावली. आठ महिन्यांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

"आणि ती खुळखुळ?"

त्यांनी टॉर्च आत मारला. "इथे मूळचं ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं दोन तुकड्यांचं जड चाक, नाहीये. आधीच्या कुणीतरी हलकं, एका तुकड्याचं बसवलंय. मूळच्यात आत स्प्रिंगा असतात, इंजिनाचे हिसके त्या गिळतात. यात ते थेट गिअरबॉक्समध्ये जातात, मग न्यूट्रलमध्ये आतले गिअर एकमेकांवर खुळखुळतात. पिकअपसाठी लावतात लोक."

"मग काय करायचं?"

"काही नाही. हा आजार नाही, स्वभाव आहे. डुकाटीच्या त्या ड्राय क्लचवाल्या मोटरसायकली ऐकल्यात का? खडखडतात, आणि मालक त्या खडखडाटावर जीव टाकतात."

मी जीव टाकायचा प्रयत्न केला. नवा क्लच लोण्यासारखा होता, खर्र संपली होती, आणि त्या शांततेत खुळखुळ आता एखाद्या एकल कलाकारासारखी ऐकू येत होती. आठवडाभराने परत गेलो. विचारलं, मूळचं फ्लायव्हील न बसवता हा आवाज घालवायचा दुसरा काही मार्ग?

मेस्त्री डिकी उघडून बराच वेळ रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथे अजूनही चार बोल्टांची भोकं आणि जाड वायरचं एक टोक होतं.

"इथला डबा कुठे गेला?"

संध्याकाळी शिडी लावून माळ्यावर चढलो. बायको खाली शिडी धरून होती; काही बोलली नाही, पण शिडी जरा जास्तच घट्ट धरली होती. सबवूफर गाद्यांच्या मागे होता. दोन्ही हातांनी कवेत घेऊन ओढला, तेव्हा जरासा हलला.

आत काहीतरी खुळखुळलं.

"अगं," मी वरून म्हणालो, "तो लांब स्क्रू ड्रायव्हर दे बरं जरा."