'किडनी बदललेल्यांसाठी आनंदाची बातमी' हा मेसेज परत फिरतोय, म्हणून लिहितोय

या आठवड्यात मला हा मेसेज तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या भावकीचाच. त्यात म्हणलंय की ट्रान्सप्लांटनंतरच्या तिन्ही गोळ्या एकाच कामाच्या असतात, वर्षभरात किडनी 'आपली' होते मग दोन बंद केल्या तरी चालतं, रोज गुळवेलीचा काढा पिऊन इम्युनिटी वाढवा, पपनस खाल्लं की किडनी धुऊन निघते, आणि लेव्हल टेस्ट (रक्तात औषध किती आहे ते बघायची तपासणी) म्हणजे नुसती लुटालूट. मी डॉक्टर नाही, पण आईची किडनी घेऊन सातवं वर्ष चालू आहे आणि औषधांच्या भानगडीत एकदा स्वतः तोंडावर आपटलोय.

"वर्षभरात किडनी आपली होते." नाही होत. 1954 साली बॉस्टनला पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं ते हुबेहूब जुळ्या भावांमध्ये, म्हणून ते गोळ्यांशिवाय टिकलं. तसा जुळा भाऊ नसेल तर किडनी आईची असो की बायकोची, शरीराला ती परकीच, दहा वर्षांनी पण.

"तिन्ही गोळ्या एकाच कामाच्या, दोन बंद करा." हे सगळ्यात डेंजर. टॅक्रोलिमस इम्युनिटीच्या पेशींना मिळणारा हल्ल्याचा सिग्नल अडवते, मायकोफेनोलेट त्या पेशींची संख्या वाढू देत नाही, स्टेरॉईड सूज आणि बाकीचा गोंधळ दाबतं, म्हणजे कामं वेगळी आहेत, आणि मुख्य म्हणजे या गोळ्या एकमेकींच्या पण पायात पाय घालतात. स्टेरॉईडमुळे टॅक्रोलिमस जरा लवकर मोडतं, त्यामुळे स्टेरॉईड कमी केलं की टॅक्रोलिमसचा डोस तोच असून लेव्हल वर सरकू शकते. मायकोफेनोलेटचा काही भाग पित्तातून आतड्यात उतरतो आणि तिथून परत रक्तात जातो, सायक्लोस्पोरिन (टॅक्रोलिमसच्या जागी दिली जाणारी जुनी गोळी) ही फेरी अडवते, म्हणून सायक्लोस्पोरिनवरून टॅक्रोलिमसवर आणलेल्या माणसाला जुनाच मायकोफेनोलेट डोस अचानक जड पडतो आणि जुलाब लागतात. आता जुलाबात औषध वाहून जाईल असं आपल्याला वाटतं ना, पण टॅक्रोलिमसचं उलटंच, लेव्हल बऱ्याचदा चढते, कारण आतड्याच्या अस्तरातच ते मोडायची सोय असते आणि अस्तर बिघडलं की ती सोय बंद. एक गोळी हलवली की दुसरी कुठे जाईल हे घरी बसून कळत नाही, बस.

जुन्या पेशंटपैकी काही जण मायकोफेनोलेटऐवजी अझाथायोप्रिन या जुन्या गोळीवर असतात. त्यांना कुणी युरिक अ‍ॅसिडसाठी सहज अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं आणि अझाथायोप्रिन तेवढंच ठेवलं तर पांढऱ्या पेशी धडाधड खाली येतात. हे नुसतं विचारलं असतं तरी टळतं.

काढा. महिन्याला हजारो रुपये घालून जी इम्युनिटी झोपवायची तिलाच सकाळी सकाळी काढा पाजून उठवायचं, याला काय म्हणावं! वर 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं वनस्पती दुसरीच असेल. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ, आपण या फंदात पडू नये. भाजीतल्या हळदीला कुणी नाही म्हणत नाहीये, पण हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या.

पपनस आणि ग्रेपफ्रूट दोन्ही नको. आतड्यातलं जे एन्झाइम टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन मोडतं तेच ही फळं बंद पाडतात, तेही दिवसभराहून जास्त वेळ, त्यामुळे "गोळी सकाळी, फळ संध्याकाळी" ही चलाखी चालत नाही. मोसंबी खा की, कोण अडवतंय.

"खोकला-तापाला मेडिकलमधून घ्या" असंही शेवटी आहेच. माझी चूक हीच. गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, ट्रान्सप्लांटचं मी सांगितलं होतं पण गोळ्यांची यादी दाखवली नाही. पाचव्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप बशीत वाजत होता, टॅक्रोलिमसची लेव्हल 19 आली, पाहिजे होती 6-7, आणि क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) पण वर. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधांचं पण असंच. टीबीच्या रिफॅम्पिसिनचं बरोबर उलटं, लेव्हल धाडकन खाली आणि रिजेक्शनची, म्हणजे शरीर किडनी नाकारण्याची भीती. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या लेव्हल न हलवता थेट किडनीलाच मारतात.

आता गंमत बघा, आपल्याकडे काही डॉक्टर मुद्दाम डिल्टियाझेम ही बीपीची गोळी जोडतात, त्याने टॅक्रोलिमस मोडायचं कमी होतं, कमी गोळ्यांत तीच लेव्हल मिळते आणि खर्च वाचतो. पण हे जमतं कशावर? ज्याला मेसेजवाला लुटालूट म्हणतो त्या लेव्हल टेस्टवरच. आणि ती सुद्धा गोळी घेऊन गेलात तर वाया, आधीच्या डोसनंतर बारा तासांनी, पुढची गोळी घ्यायच्या आत रक्त द्यायचं असतं. माझी उद्याच आहे, रात्री नऊची घेतलीय, सकाळची खिशात डबीत, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर.