गॉब्लिन परवडला

गॉब्लिनला, म्हणजे परीकथांतल्या त्या खुज्या, कुरूप राक्षसाला, नातेवाईक नसतात. म्हणजे त्याच्या गुहेत असतील, पण ते आपल्या हॉलमध्ये येऊन, चष्मा कपाळावर सरकवून, 'हा काही त्याच्यासारखा दिसत नाही हो' असं म्हणत नाहीत. गॉब्लिन हिरवा रंगवा, पिवळट रंगवा, हिरवा संपला म्हणून अर्धा जांभळा ठेवा. तो डोंगरापलीकडच्या दुसऱ्या टोळीचा आहे असं ठणकावून सांगता येतं. स्पायडरमॅनचं तसं नाही. त्याला आमच्या सोसायटीतलं शेंबडं पोरही ओळखतं, आणि निळ्याची छटा जरा इकडची तिकडे झाली की तेच पोर नाक पुसत पुसत आपल्याला चूक दाखवतं.

टेबलावर खेळायच्या खेळांसाठी मी छोट्या मूर्ती रंगवते. हे वाक्य लग्नाच्या पंगतीत उच्चारलं की पुढचा प्रश्न 'म्हणजे गणपती का?' आणि त्याच्या पुढचा 'ऑर्डरी घेता का?' हा ठरलेला. गणपती नाही आणि ऑर्डरीही नाहीत. तीन-चार सेंटिमीटर उंचीचे जादूगार, बुटके, राक्षस आणि अलीकडे सुपरहिरो. प्लास्टिकच्या राखाडी चौकटीतून त्यांचे हात, पाय, मुंडकी सुटी कापून काढायची, साच्याची शिवण चाकूनं खरवडायची, चिकटवायचं, प्रायमर मारायचा, रंगवायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर मित्रमंडळींसमोर फाशांच्या भरवशावर मरायला पाठवायचं. यातल्या शेवटच्या भागाला खेळ म्हणतात. आधीच्या सगळ्याला आमच्या घरात 'तिचं ते' म्हणतात. 'तिचं ते चाललंय, जेवण उशिरा होईल.'

या उद्योगाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून मी बरेच दाखले देऊन पाहिले. एच. जी. वेल्ससारख्या नामांकित लेखकानं 1913 साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम चक्क पुस्तकरूपात छापले, तेव्हा त्यांचं वय 46 होतं, हे मी सासूबाईंना सांगितलं. 'त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई असेल,' त्या म्हणाल्या. नवऱ्याला सांगितलं की 1975 साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली आणि आता नॉटिंगहॅमला असलेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी असल्याच मूर्ती विकते आणि 2024 च्या डिसेंबरात ती लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरात जाऊन बसली. त्यावर तो मोबाईलमधून मान वर काढून म्हणाला, 'मग आधी बोलायचं ना, शेअर घेऊन ठेवले असते.' या छंदाबद्दल त्याच्या तोंडून निघालेले आदराचे उद्गार एवढेच.

तर गॉब्लिन. गॉब्लिन, त्याचे दांडगे भाऊबंद ऑर्क, सांगाडे ही मंडळी रंगवणाऱ्याच्या सोयीसाठीच जन्माला आली आहेत. अंगावर चामखिळी, फाटकी कातडी, साखळीचं चिलखत, कमरेला कुणाची तरी कवटी. सगळ्या उंचवटे-खाचाच. त्यांच्यावर पाण्यासारखा पातळ, काळपट तपकिरी वॉश सोडला की तो आपला आपण खाचांत उतरतो आणि सावल्या तयार. जाणकार या बाटलीला 'लिक्विड टॅलेंट' म्हणतात ते उगाच नाही. मग ड्रायब्रश: ब्रशवरचा रंग फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलासुरला मूर्तीवरून झटकत जायचा. उंचवटे उजळतात, दाढीचा केस न् केस सुटा होतो, बघणारा म्हणतो, 'बापरे, किती पेशन्स!' पेशन्स कसला, चहा गार व्हायच्या आत झालेलं काम असतं. हात चुकून थेंब पडला तर तो चिखल. फराटा ओढला गेला तर गंज. काहीच समजेना झालं की वाळलेलं रक्त.

सुपरहिरोला यातलं काही चालत नाही, कारण सुपरहिरो स्वच्छ असतो. अख्खी इमारत अंगावर घेऊन बाहेर येतो, पण कपडे नुकते इस्त्रीहून आल्यासारखे. आणि ते कपडे म्हणजे अंगाला चिकटलेलं सपाट, गुळगुळीत कापड. ना खाच, ना खळगा. वॉश सोडावा तर मांडीवर कडेकडेनं डाग धरतो. ड्रायब्रश केला तर हिरो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. म्हणजे सगळी छाया-प्रकाशाची कारागिरी हातानंच करायची, एकावर एक पातळ थर देत. पातळ म्हणजे इतका पातळ की पहिला थर दिल्यावर आपण काही दिलंय की नुसता ओला ब्रश फिरवलाय, हे कळू नये.

मार्व्हल: क्रायसिस प्रोटोकॉल हा खेळ 2019 साली आला. त्याच्या मूळ खोक्यात दहा जण निघतात. पाच हिरो, पाच खलनायक, सगळे सुटे आणि बिनरंगाचे. खलनायक पटापट होतात. रेड स्कलचं मुंडकं तर गॉब्लिनच्याच वाटेनं जातं: लाल, वॉश, उजळ कडा, झालं. चांगुलपणालाच वेळ फार लागतो. कॅप्टन अमेरिकाच्या ढालीवरची वर्तुळं आपल्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, तीही एकात एक, आणि मधोमध पाच टोकांचा तारा. पाचही टोकं सारखी आली पाहिजेत, कारण तारा कसा असतो हेसुद्धा लोकांना ठाऊक आहे.

आणि मग स्पायडरमॅन. लाल हा रंगच मुळात दगाबाज. काळ्या प्रायमरवर तो बसतच नाही. खाली आधी तपकिरी किंवा गुलाबी द्यावा लागतो. उजळ करायला पांढरा मिसळावा तर स्पायडरमॅन गुलाबी होतो, म्हणून नारिंगीची संगत धरायची. हे सगळं होऊन, वाळून, सासूबाईंच्या वाती वळून झाल्या की त्या लालावर जाळं. तोंडावरच्या सगळ्या उभ्या रेषा दोन डोळ्यांच्या मधून निघून बाहेर पसरतात. त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषा मध्ये किंचित झोल घेऊन लोंबतात. हा झोल महत्त्वाचा. आडव्या रेषा सरळ काढल्या की जाळं दिसत नाही, चारखान्याचा टॉवेल गुंडाळलेला माणूस दिसतो. रेष जाड झाली तर दोन्ही बाजूंनी लाल देऊन तिला बारीक करायचं. लाल जास्त झाला तर पुन्हा काळं. असं त्या वाटाण्याएवढ्या डोक्यावर काळ्या-लालाचं पानिपत चालू राहतं.

यासाठी ब्रश चांगला लागतो, आणि चांगला म्हणजे कोलिन्स्कीचा. विन्सर अँड न्यूटन या कंपनीनं 1866 साली राणी व्हिक्टोरियासाठी जे ब्रश बनवले, त्यांची 'सीरीज सेव्हन' आजही चालू आहे आणि आमच्या पंथात तिचं नाव अदबीनं घेतात. राणीसाहेब जलरंगातले देखावे काढत असत. मी त्याच जातीच्या ब्रशनं ऑर्कची काख रंगवते. ब्रशचं टोक राखायचं तर ओठांत धरून हलकं फिरवायचं ही आमच्यातली जुनी खोड. एकदा ते सासूबाईंनी पाहिलं.

'अगं, तोंडात काय घालतेस तो?'

'टोक काढतेय, आई.'

'कसले केस असतात गं त्याला?'

'सायबेरियात एक प्राणी असतो, त्याच्या शेपटीचे.'

त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. एकादशी होती.

पण जाळं, ढाल, लाल रंग हे सगळं परवडलं, डोळे नाहीत. स्पायडरमॅनचे एक वेळ मोठे पांढरे असतात. हिरोंमधल्या ब्लॅक विडो या हेर बाईचं काय? तिला मुखवटा नाही, हेल्मेट नाही. (हेल्मेटवाले सैनिक इतके लोकप्रिय का आहेत याची मोठमोठी कारणं लोक देतात. खरं कारण डोळे काढावे लागत नाहीत.) नवशिका डोळ्यांसाठी दुकानातला सगळ्यात बारीक, तीन शून्यांचा ब्रश आणतो. त्यावर रंग इतका थोडा मावतो की मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर वाळून जातो. ब्रश बऱ्यापैकी पोटाचा हवा, टोक तेवढं अणकुचीदार. आधी डोळ्याच्या जागी गडद तपकिरी बदाम काढायचा, त्याच्या आत मळकट पांढरा भरायचा, कडेला तपकिरीची रेघ शिल्लक ठेवून. मग बुबुळ. बुबुळ ठिपक्यानं काढलं की बाई दचकलेली दिसते, म्हणून वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढायची. कोपरं टेबलाला टेकलेली, दोन्ही मनगटं एकमेकांना जुळवलेली, श्वास रोखलेला. एक डोळा सहज होतो. दुसरा त्याच दिशेला पाहायला हवा, आणि नेमकी त्या क्षणी कुकरची तिसरी शिट्टी होते.

'कुणाकडे बघतेय ही?' नवरा विचारतो. चांगल्या मनानंच विचारतो.

अशा वेळी मला कसबा पेठेतला कुंभारवाडा आठवतो. दिवाळीच्या आधी तिथे मातीचे मावळे रांगेनं मांडलेले असतात. पांढऱ्याचं बोट, काळा ठिपका, मिशीचा एक फटकारा, की पुढचा मावळा. एकाही मावळ्याचे दोन डोळे एकीकडे पाहत नाहीत. एक महादरवाज्यावर, एक चोरवाटेवर, म्हणजे पहाऱ्याला उलट बरंच. किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच, वाघ तोफेपेक्षा मोठा, खाली हळीव पेरून उगवलेलं रान मावळ्याच्या कमरेपर्यंत. कुणाची काही तक्रार नसते. नायलॉनचे तंतू विजेच्या यंत्रानं उभे करून गवत लावणारे लोक हल्ली मला जेव्हा प्रमाणबद्धतेवर व्याख्यान देतात, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना हळीव पेरायला सांगते. आमच्यातही एक नियम आहेच म्हणा: हातभर लांबून बरं दिसलं की झालं. पण नियम करणारा माणूस मूर्ती हातात आली की पहिल्यांदा डोळ्यांपाशीच नेतो.

खेळायला आमच्याकडे इमारतीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा येतो. मला काकू म्हणतो, टेबलावर मात्र काही दयामाया नाही. त्याची सगळी फौज राखाडी. प्लास्टिक चौकटीतून निघालं तसं, रंगाचा एक थेंब नाही, डोळे तर नाहीतच. 'सबमिशन संपली की रंगवणार, काकू,' हे तो पहिल्या सेमिस्टरपासून सांगतोय. या खेळात टेबलावरच्या वस्तू उचलून समोरच्यावर फेकता येतात. दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे, गाड्या. त्यातली एक गाडी अशीच उरलेल्या रंगात मी रंगवून टाकली होती: अंग काळं, टप पिवळं, मुंबईची टॅक्सी. खेळातल्या न्यूयॉर्कात ती कुठून आली हे विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बंपरवर ड्रायब्रशनं गंजही यथेच्छ चढवला होता.

स्पायडरमॅनला पहिल्यांदा मैदानात उतरवला त्या संध्याकाळी मी त्याला मुद्दाम दिव्याखाली, तोंड पाहुण्यांकडे करून उभा केला. रंगवणाऱ्यांत एक समजूत आहे की नवी रंगवलेली मूर्ती पहिल्याच खेळात सगळ्यांत आधी पडते. मी असलं काही मानत नाही. फक्त त्याला जरा आडोशाला सरकवला. मुलानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो वाकून, मान तिरकी करून टॅक्सी बघत होता.

'काकू, ही तुम्ही रंगवलीत? काय खतरनाक झालीये! हा गंज कसा केलात?'

मी ड्रायब्रश समजावून सांगायला लागले. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, 'भारीच,' म्हणाला, अष्टकोनी फासे मुठीत घेतले आणि डॉक्टर ऑक्टोपसकरवी ती टॅक्सी उचलून स्पायडरमॅनच्या डोक्यात घातली.