सजावटीबरोबर कुटुंबाचाही विचार व्हावा

निऑनची पाटी, लाल रेक्झिनची बाके आणि कोरीव लाकडी पडदे यांना वारसा दर्जा दिला की अमेरिकेतील जुनी कौटुंबिक चिनी उपाहारगृहे वाचतील, हे या उपाहारगृहांवरील लेखातील विधान मला अपुरे वाटते. असा दर्जा वास्तूला संरक्षण देतो. परंतु भाडे वाढल्यामुळे ते चालवणारे कुटुंबच बाहेर पडले, तर त्याच पाटीखाली उद्या कोणीही वेगळा धंदा मांडू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोने ही अडचण ओळखली आणि २०१५ मध्ये मतदारांनी अशी योजना मंजूर केली की, साधारणपणे ३० वर्षांहून जुन्या नोंदणीकृत व्यवसायाला किमान १० वर्षांचा भाडेकरार देणाऱ्या जागामालकालाही अनुदान मिळावे. माझ्या मते लेखाने याचा उल्लेख करायलाच हवा होता.

दुसरा प्रश्न वारसदारांचा आहे. मोंटाना राज्यातील ब्यूट शहरातले १९११ चे चिनी उपाहारगृह ‘पेकिन नूडल पार्लर’ एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवले म्हणूनच टिकले, पण मुलांना या कष्टांतून सोडवण्यासाठीच अनेक आईवडिलांनी आयुष्यभर भट्टीपुढे उभे राहून त्यांना शिकवले, आणि त्या मुलांनी परत यावे अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. त्यापेक्षा अशा उपाहारगृहांत वर्षानुवर्षे राबलेल्या स्वयंपाक्यांना व्यवसाय विकत घेता यावा यासाठी स्वस्त कर्ज मिळाले पाहिजे.