रिकाम्या चौकटी आणि मागचा जन्म

गेल्या महिन्यात मावशीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका इंग्रजी कादंबरीबद्दल लिहिलं. प्रेमकथा, रहस्य, मागचा जन्म आणि हरवलेलं एक चित्र. दोन रात्रींत संपवली म्हणाली. माझा भाचा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात असतो. त्याचं उत्तर लगेच आलं : "आजी, पुनर्जन्म असा गोड करून विकणं घातक आहे." मावशी म्हणाली, "अरे, गोष्ट आहे ती!" आठवडाभर हा वाद चालला. मी इथे बोस्टनमध्ये तो वाचत होते आणि शेवटी मीही ती कादंबरी वाचली.

पुनर्जन्माने माझं काही अडलं नाही. तुकोबांनी मुक्ती नको म्हटलं, संतसंग मिळणार असेल तर गर्भवासही सुखाने सोसू म्हटलं. प्रेमासाठी पुन्हा जन्म घ्यायची ओढ आपल्या भाषेत मुरलेली आहे, तिला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही. मला खटकलं ते वेगळंच. नायिका एका चित्रासमोर उभी राहते, तिला मागचं सगळं आठवतं आणि शेवटच्या प्रकरणात ते चित्र तिच्याच मालकीचं ठरतं. का, तर तिला आठवतं म्हणून.

माझ्या घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालय आहे. 18 मार्च 1990 च्या पहाटे पोलिसांच्या वेशात दोघे जण आत शिरले, पहारेकऱ्यांना बांधलं आणि 81 मिनिटांत 13 वस्तू घेऊन गेले. त्यात व्हर्मीरचं एक चित्र होतं, रेम्ब्रांटचं गॅलिलीच्या समुद्रातलं वादळही होतं. वादळाचा कॅनव्हास त्यांनी चौकटीतून कापून काढला. यातलं काहीही अजून सापडलेलं नाही. एक कोटी डॉलरचं बक्षीस आहे. मांडणी बदलायची नाही असं गार्डनरबाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय, आणि चौकटी रिकाम्या तशाच भिंतीवर आहेत. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा घशाशी आवंढा आला. चौकटीच्या आत भिंतीचं हिरवं कापड तेवढं दिसतं. पण या चौकटींमागे एक भक्कम गोष्ट आहे : काय गेलं, ते कसं दिसत होतं, केवढं होतं, याची पक्की नोंद. उद्या ते वादळ कुठल्या माळ्यावर सापडलं तर ते कुणाचं, यावर वाद होणार नाही.

आपल्याकडे बहुतेक देवळांची अशी नोंदच नसते. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातला चोरीला गेलेला नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 मध्ये 50 लाख अमेरिकी डॉलरला विकत घेतला होता. तो 2014 मध्ये भारतात परतला, आणि त्यात मोठा वाटा पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेत जपलेल्या जुन्या फोटोचा होता. मूर्ती देवळात असतानाच तो कुणीतरी काढून ठेवला होता. गावकऱ्यांची भक्ती खरीच होती. तिच्या जोडीला हा फोटो नसता तर?

म्हणूनच 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हाचा वाद मला इथून फार लागला. ती तीन वर्षांच्या उसनवारीवर आहेत, आणि महाराजांनी वापरली ती हीच याचा पुरावा नसल्याचं लंडनच्या संग्रहालयानेच सांगितलं आहे. हे कुणी म्हटलं की त्याच्या निष्ठेवरच शंका घेतली जात होती. महाराजांबद्दलचं प्रेम आणि एका वस्तूची खातरजमा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. कादंबरीत त्या एक होतात, तिथे ते शोभतं. संग्रहालयात आणि कोर्टात तसं केलं तर परदेशातला वकील आपला दावा पाच मिनिटांत मोडून काढेल. मग जे खरोखर आपलं आहे, तेही हातचं जाईल.

ग्रुपवर मी हे लिहिलं. मावशीला पटलं की नाही, कळलं नाही. भाचा मात्र पुढच्या रविवारी गावी गेला. भैरवनाथाच्या देवळामागे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड आहेत, एक अर्धा मातीत पुरलेला, एकावर आमच्या लहानपणी बायका धुणं वाळत घालायच्या. त्याने पारावर बसलेल्या दोन आबांना बरोबर घेतलं, दगड पाण्याने धुतले, टेप लावून मापं घेतली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि रात्री पाठवले. माझ्याकडे तेव्हा सकाळ होती. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. फोटोखाली त्याने लिहिलं होतं : उंची 3 फूट 2 इंच, डावा कोपरा तुटलेला. त्याखाली मावशीचा प्रश्न होता, "नाव काय रे त्याचं?"