तो मेमो मीच लिहिला होता

जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर आज सकाळी फोटो आला. दोन कोऱ्या इलेक्ट्रिक ट्रक, केबिनवर हिरवी पानं रंगवलेली, रिबीन, कात्री आणि रिबिनीमागे दाटीवाटीने उभे सगळे साहेब. इथवर ठीक होतं. पण फोटोखाली लिहिलंय, 'तंत्रज्ञान आलं, आता ड्रायव्हरांची मानसिकता बदलणं हेच खरं आव्हान.' त्यावर एकोणीस अंगठे.

मानसिकता म्हणे!

मी तिथे डिस्पॅचला सहा वर्षं बसले. कंपनीचा माल, कंपनीच्याच गाड्या. कुठली गाडी कधी सुटणार, कधी पोचणार, हे माझ्या टेबलावर ठरायचं. एक दिवस जीपीएसच्या रिपोर्टात एका गाडीसमोर लाल रेघ दिसली. इंजिन चालू, गाडी उभी, ४ तास १० मिनिटं. मी लगेच मेमो टाइप केला. 'इंधनाच्या अपव्ययाबाबत खुलासा करावा.' फार शिस्तीची होते मी तेव्हा.

दुसऱ्या दिवशी त्या गाडीचे ड्रायव्हर काका आले. मेमो टेबलावर ठेवला, खिशातून घडी घातलेली गेटची चिठ्ठी काढून त्याच्या शेजारी ठेवली. म्हणाले, "मॅडम, अकराची वेळ तुम्हीच दिली होती ना? आणखी आठ गाड्यांनाही अकराचीच दिली होती."

दिली होती. गोदामवाल्यांना सगळ्या गाड्या सकाळीच दारात हव्या असायच्या, म्हणजे त्यांची माणसं रिकामी बसायला नकोत. माल उतरवायचा डॉक एकच. गाडी उतरवायला अर्धा तास. काका नववे. बाहेर ऊन, केबिनचा पत्रा तापलेला, आणि एसी इंजिनावरच चालतो. त्या माणसाने काय करायचं होतं?

आज इतक्या वर्षांनी तो हिशोब मांडला. मोठी गाडी नुसती उभी राहून तासाला साधारण ३ लिटर डिझेल पिते. म्हणजे काकांचे साडेबारा लिटर. लिटरभर डिझेल जाळलं की २.६ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो (डिझेलच्या वजनापेक्षा जास्त, कारण ऑक्सिजन हवेतला येऊन चिकटतो). म्हणजे तीस किलोच्या वर. आता नऊ गाड्यांचं थांबणं एकत्र करा. अठरा तास. सगळ्यांनी इंजिन चालू ठेवलं असेल तर ५४ लिटर, एका सकाळी, एका गेटवर. आणि मी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फरकाने वेळा दिल्या असत्या तर? जवळजवळ शून्य. ना नवी गाडी लागली असती, ना रिबीन. एक्सेलमधला एक कॉलम बदलायचा होता.

हो, काही ड्रायव्हर उगाच इंजिन चालू ठेवतात. माहितेय मला. असतात.

पण रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांचं काय? तिथे कोणाची मानसिकता बदलायची? स्वतःच्या मालाच्या गाड्यांचं जुनं दुखणं आहे हे. माल पोचवला की गाडी तशीच मोकळी मागे. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, पण वाटतं तितकं कमी नाही. गाडीचं स्वतःचं वजन कुठे जातं? शिवाय हायवेला बराचसा जोर हवा कापण्यात जातो, आणि हवेला काय पडलंय आत माल आहे की नाही! त्यात वेगाची गंमत बघा. ८० ऐवजी ९० ने गेलं की हवेचा विरोध सव्वापटीच्या वर जातो. आणि ९० ने का जायचं? कारण चार तास गेटवर गेले, आता सहाच्या आत यार्डात परत हवं. फोन कोण करायचं, "काका, कुठे पोचलात?" मीच.

परतीला दुसऱ्या कुणाचा माल घ्यायचा तर काही देशांत वेगळा परवाना लागतो, तेही मान्य. पण स्वतःच्याच पुरवठादाराकडून येणारा कच्चा माल त्या गाडीत भरायला कुणी अडवलं होतं? खरेदी विभाग आणि विक्री विभाग एकमेकांशी बोलत नव्हते, एवढंच. अर्धी भरलेली गाडी 'आजच पाठवा' म्हणून सोडायचा हट्ट विक्रीचा. टायरची हवा बघायला वेळ न देणारं वेळापत्रक माझं.

याहून चीड आणणारा एक प्रकार आहे. गाड्याच विकून टाकायच्या आणि तोच माल भाड्याच्या गाडीने पाठवायचा. जीएचजी प्रोटोकॉल म्हणजे कंपन्यांनी आपलं कार्बन उत्सर्जन कसं मोजायचं याचं मानक. त्याच्या हिशोबात स्वतःच्या गाडीचा धूर 'स्कोप १', म्हणजे थेट आपला, भाड्याच्या गाडीचा 'स्कोप ३', म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्याने सोडलेला, आणि मूळ मानकात स्कोप ३ दाखवणं ऐच्छिक. झालं! रस्ता तोच, डिझेल तेच, धूर मात्र आपल्या वहीतून गायब. मग त्याच अहवालाच्या मुखपृष्ठावर झाडाचा फोटो.

इलेक्ट्रिक गाड्यांवर माझा राग नाही हो. उलट कंपनीच्या गाड्यांनाच त्या सगळ्यात सोयीच्या. ठरलेला रस्ता, ठरलेले किलोमीटर, रात्री त्याच यार्डात मुक्काम, तिथेच चार्जिंग. वीज कोळशाची असेल तर फायदा कमी होतो आणि बॅटरीचं वजन मालाच्या वजनातून जातं, पण येऊ देत त्या. युरोपियन युनियनने तर नव्या अवजड गाड्यांचं उत्सर्जन २०४० पर्यंत २०१९ च्या तुलनेत ९० टक्क्यांनी उतरवायचा नियम केलाय. छान. पण तो नियम गाडी बनवणाऱ्यांना आहे. नऊ जणांना अकराची वेळ देणाऱ्या बाईला कुठला नियम आहे? तिने इलेक्ट्रिक गाडीही रांगेत उभी केली असती, आणि रिकामी परत पाठवली असती.

तर काका. त्या दिवशी ते भांडले नाहीत. चिठ्ठी घडी घालून परत खिशात ठेवली, "बघा काय ते," म्हणाले आणि गेले. मला पटलं होतं. अगदी लख्ख पटलं होतं. पण मेमो मागे घ्यायचा तर वर कारण लिहून द्यावं लागलं असतं, आणि कारण मी होते. तो फाइलीतच राहिला. कमी डिझेल जाळणाऱ्या ड्रायव्हरांना वर्षाअखेरीस बक्षीस असायचं, मेमो असेल तर नाव बाद. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, यादी लागल्यावर कळलं.

त्याच वर्षी आमच्या विभागाला इंधनबचतीची ढाल मिळाली. त्याचाही फोटो आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मी. हसतेय.